रानमोडी कुणाच्या खात्यात?



खरीप तोंडावर आला की आमच्याकडे शेतकरी मेळावे होतात. मिठाच्या पाण्यात बियाणे बुडवून पोचट दाणे कसे काढायचे, रोप किती दिवसांचे लावायचे, खत केव्हा टाकायचे, हे साहेब मंडळी नीट सांगतात आणि त्याचा आम्हाला उपयोगही होतो. अशाच एका मेळाव्यात मी विचारले, ‘बांधावर आणि उताराच्या वरकस जमिनीवर रानमोडीचे तण माजले आहे, तिचे काय करायचे?’ उत्तर मिळाले, ‘तो जंगलाचा विषय आहे.’ जंगलाच्या साहेबांना विचारले, तर ते म्हणाले, ‘तुमच्या मालकीतली तुम्ही काढा.’ दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असेल. पण रानमोडी मधल्या जागेत वाढते आणि ती जागा कुणाच्याच खात्यात नाही.

आमच्या टोकावड्याच्या पट्ट्यात शेत आणि रान असे दोन तुकडे नाहीत. खाचराचा बांध संपला की वरकस आणि वरकस संपले की जंगल. म्हसाच्या यात्रेला, म्हणजे पौष पौर्णिमेला, जाताना पाहावे, अख्खा उतार रानमोडीच्या फुलांनी पांढुरका झालेला असतो. पुढे त्या फुलांचे केसाळ बी वाऱ्यावर उडते आणि जिथे उघडी माती मिळेल तिथे रुजते. गुरे तिला तोंड लावत नाहीत. चैत्रात ती वाळून काडी होते आणि वणवा तिच्यावरून धावत सुटतो. त्यात ऐनाची, कुड्याची कोवळी रोपे मरतात. रानमोडी मात्र पहिल्या पावसात बुडख्यापासून पुन्हा फुटते. म्हणजे आग लावून ती हटत नाही, उलट तिलाच मोकळे रान मिळते. माझ्या आईला मृगाच्या सरींनंतर घरामागच्या उतारावर शेवळांची रानभाजी टोपलीभर मिळायची. आज तिथे कमरेएवढी रानमोडी आहे आणि शेवळं काढायला बायकांना दीड तास चढून जावे लागते. मुरबाड-कल्याणच्या बाजारात शेवळांच्या जुड्या आणि त्या भाजीत घालायची काकडं विकून ज्यांच्या घरात मीठमिरची येते, त्यांचे हे सरळ नुकसान आहे.

गाजरगवताच्या बाबतीत असे झाले नाही. 1955 च्या सुमारास ते पुण्यात दिसले, शेतात घुसले, म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या मागे लागले. 1984 साली ते खाणारे मेक्सिकन भुंगेरे बंगळुरूला सोडले गेले. दर ऑगस्टमध्ये त्याच्याविषयी जागृती सप्ताहही होतो. रानमोडी आणि तिच्यासारखेच रानातले तण असलेली घाणेरी बांधाच्या पलीकडे राहिल्या, म्हणून त्यांच्या वाट्याला एक साधे पत्रकही येऊ नये का?

‘फुलोऱ्याआधी मुळासकट काढा’ एवढे सांगून भागणार नाही. फुलोऱ्याआधी म्हणजे दिवाळी ते देवदिवाळी. मातीत ओल असते तोवरच बुडखा उपटून येतो. पण त्याच दिवसांत गरवे भात कापायचे, बांधायचे, झोडायचे असते. ते उरकते न उरकते तोच कातकरी वाड्यांतली घरे कुलपे लावून वीटभट्टीवर निघून जातात. ज्या हातांनी रानमोडी उपटायची, ते हात नेमके तेव्हा गावात नसतात. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 साली केला. त्या हमीचे काम याच महिन्यात वाडीवर निघाले, तर रानमोडीही निघेल आणि काही घरांचे भट्टीवर जाणे निदान लांबेल. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे जंगल राखण्याचा अधिकार 2006 च्या कायद्याने ग्रामसभेला दिलेला आहेच. तेव्हा परवानगीची सबब चालणार नाही.

दुसरा प्रश्न राबाचा, म्हणजे रोपांचा वाफा भाजायला लागणाऱ्या टहाळ-पातेऱ्याचा. ठाणे जिल्ह्यात राबाच्या टहाळावरून शेतकरी आणि जंगलखाते यांचा वाद इतका जुना आहे की, ठाणे-कुलाब्याच्या तक्रारींसाठी इंग्रज सरकारला 1885 साली आयोग नेमावा लागला होता. आजही राबासाठी ऐनावर कोयता चालतो. म्हणून मी गेल्या दोन वर्षांपासून एक वाफा फक्त रानमोडीच्या राबावर भाजतो. दिवाळीनंतर, कळ्या धरण्याआधी उपटलेली रानमोडी वाळवून ठेवायची आणि फाल्गुनात शेणाच्या थरावर पातेऱ्याबरोबर पसरायची. रोप शेजारच्या वाफ्यासारखेच आले. पण माझा एक वाफा म्हणजे प्रयोग नव्हे. कोकणात चारसूत्री भातशेती रुजली, कारण गिरिपुष्पाचा पाला किती आणि केव्हा घालायचा, हे कुणीतरी शेतात उभे राहून तपासले आणि आम्हाला आकड्यांत सांगितले. रानमोडी खाचरात गाडली तर चालेल का, कुजवून खत होईल का, राबाला टहाळाऐवजी ती पुरेल का, हेही तसेच तपासायला हवे.

पण हे तपासणार कोण? कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र 2014 च्या जिल्हा विभाजनानंतर पालघरकडे गेले. दापोलीचे विद्यापीठ आणि आम्ही यांच्या मध्ये सगळा रायगड पडतो. पण त्याच विद्यापीठाचे भात संशोधन करणारे कर्जतचे केंद्र आम्हाला जवळ आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना माझी विनंती आहे की, येत्या दिवाळीत वनखात्याचे अधिकारी आणि कृषी सहायक यांना बरोबर घेऊन टोकावड्याला एक दिवस यावे. प्रयोगासाठी माझे वरकस आणि दोन वाफे मी द्यायला तयार आहे.

— एक भातशेतकरी, टोकावडे, ता. मुरबाड, जि. ठाणे