फाकड्याला लागलेला गोळा

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहिला, की त्यावरच्या मावळ्याने केव्हा मरायचे हे आजवर मुलेच ठरवीत आली. आता ते फासा ठरवतो. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला आणि त्याची पिलावळ आज आमच्या लोणावळ्यातल्या पोरांच्या मोबाइलवरही नांदते आहे. खेळणाऱ्याने वीराचे सोंग घ्यायचे. त्या वीराला प्राणांचे गुण दिलेले असतात. घाव बसला की त्यांतले काही वजा होतात. पुढे रूढ झालेला नियम असा, की वीस बाजूंच्या फाशावर नेमका वीस पडला तर घाव जवळजवळ दुप्पट धरायचा. याला ‘क्रिटिकल हिट’ म्हणतात. आपण वर्मी घाव म्हणू.

या वर्मी घावावर काही शहाण्यांचा राग आहे. कसलेला योद्धा एका फटक्यात कसा लोळेल, असे ते विचारतात. या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनीही १९७९ च्या आपल्या नियमग्रंथात त्याला विरोधच केला. प्राणगुण म्हणजे नुसते रक्तमांस नव्हे, त्यांत कौशल्य आणि दैवही आले, असे त्यांचे म्हणणे. शिवाय असा घाव राक्षसांइतकाच आपल्या वीरांवरही पडेल, ही धास्ती!

अशा विद्वानांनी एकदा मावळात यावे. बरोबर दोनशे वर्षे आधी, ४ जानेवारी १७७९ रोजी, बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेतला कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याला तोफेच्या गोळ्याने ठार झाला. टेहळणीसाठी तो झाडावर चढला होता, असे सांगतात. मराठ्यांनीच त्याला ‘इश्तुर फाकडा’ म्हणावे, असा तो बहाद्दर. कौशल्य होते, हिंमत होती. दैव गाठीला बांधून ठेवता येत असते, तर वडगावात त्याची समाधी कशाला झाली असती?

तेव्हा वर्मी घाव खोटा नव्हे. खोटे आहेत ते प्राणगुण! शंभरांतले नव्व्याण्णव गेले तरी वीर पहिल्याच जोमाने तलवार फिरवतो, आणि मरण जणू सावकाराच्या हप्त्यांनी येते. ते कोणाला खटकत नाही.

पण दुसऱ्या बाजूनेही ऐकावे. तो गोळा लागला म्हणून इंग्रज हरले नाहीत. फौज पुढे सरकलीच. ९ तारखेला तळेगावला पोहोचली. तिथे गाव जाळून ओसाड केलेले, आणि रसदीच्या वाटा मराठी घोडदळाने तोडलेल्या. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून ती माघारी वळली, वडगावला कोंडली गेली आणि तहाला कबूल झाली. एक माणूस गोळ्याने गेला. लढाई मात्र महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांच्या धोरणाने जिंकली.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून वाचकाची हौस जाणतो. नायकाने मारलेला घाव वर्मी हवा, त्याच्यावर आलेला ओझरता. शाळेत मात्र मला मुलांना इतिहास शिकवायचा असतो. म्हणून पालकहो, मुलांच्या हातचा फासा काढून घेऊ नका. एवढेच सांगा, की वीस हा आकडा शत्रूच्याही फाशावर असतो. आणि तो आपल्याला पडला, तरी रसद आधी भरून ठेवावी लागते.