भिंतीवर पाहिलेले चित्रही चित्रच

चिनी राजदरबारातील चित्रांच्या प्रोजेक्टर-प्रदर्शनाला मुलांना नेणे म्हणजे निव्वळ रोषणाई दाखवणे, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. हाँगकाँगमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांबरोबर असे प्रदर्शन पाहिले असल्याने मला हे मुळीच पटत नाही.

‘मूळ चित्र पाहावे’ हा सल्ला रास्त, पण ते पाहायला मिळते कुठे? चित्रकार वांग शिमंगचे ‘हजार ली नद्या आणि पर्वत’ हे १११३ सालचे रेशमावरचे चित्र जवळपास १२ मीटर लांब आहे. त्यातले निळे-हिरवे रंग खनिजे कुटून केलेले. गुंडाळी उलगडताना त्यांचे कण सुटतात, म्हणून बीजिंगचे राजवाडा संग्रहालय ते क्वचितच बाहेर काढते. २०१७ मध्ये काढले तेव्हा लोक तासन्‌तास रांगेत उभे होते.

चित्राची उंची जेमतेम अर्धा मीटर, त्यातली माणसे मुंगीएवढी. प्रदर्शनात भिंतीवर ती मोठी झाली आणि मुलांना लांबलचक पूल, त्यावरचा मंडप, होडीतले कोळी दिसले. चित्रकार अवघा अठरा वर्षांचा होता हे कळताच एका मुलीने विचारले, “मग पुढे काय काढलं त्याने?” त्याचे दुसरे एकही चित्र उरलेले नाही. रोषणाई पाहणारे असा प्रश्न विचारत नाहीत!

संगीत कर्कश होते, दृश्येही भराभर सरकत होती, हे मान्य. आयोजकांनी शेजारी एक कागदी प्रतिकृती ठेवावी. उजवीकडून डावीकडे, हातभर उलगडत, मुलांना ती स्वतः पाहू द्यावी.

— एक वाचक, हाँगकाँग