कचेरी सुटली, काम सुटेना

संध्याकाळी घड्याळाकडे पाहून कचेरी सुटे आणि दप्तर टेबलावरच राही, ती व्यवस्था आता इतिहासजमा होत चालली आहे. ‘स्लॅक’, 2017 साली आलेले मायक्रोसॉफ्टचे ‘टीम्स’ आणि आपल्याकडे सर्वांत मुबलक असा ‘व्हॉट्सॲप’चा गट, या साधनांनी मार्च 2020 च्या टाळेबंदीत कामकाज तगवून धरले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. काणकोणच्या माणसाची एका बैठकीसाठीची पणजीची खेप वाचते, ही काही लहान सोय नव्हे. परंतु संकटकाळी दिलेली मुभा संकट सरल्यावर कोणी परत घेतली नाही.

पूर्वी परिपत्रक शिपायाबरोबर येई व त्याच्या वहीत सही केल्याशिवाय ते पोचले असे होत नसे. आता ती सही आपल्या नकळत घेतली जाते. निळी खूण उमटली की वरिष्ठास कळते. खाजगी संभाषणापुरती ही खूण बंद ठेवता येते. गटात तीही सवलत नाही. कोणी वाचले, केव्हा वाचले, याची यादीच पाठविणाऱ्यास दिसते. ‘टीम्स’वर तर संगणक काही मिनिटे स्वस्थ राहिला की नावाजवळचा हिरवा ठिपका पिवळा होतो. माणूस विचार करीत असला तरी यंत्राच्या लेखी तो जागेवर नाही!

‘उद्या सकाळपर्यंत माहिती पाठवावी’ हा रात्री दहाचा निरोप शिक्षकास, बँकेतील कारकुनास वा हॉटेलच्या व्यवस्थापकास अपरिचित नाही. तो आदेश की विनंती, हे लिहिणारा सांगत नाही. वाचणारा मात्र जेवण अर्धवट टाकून उठतो. 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली व जादा कामाला दुप्पट मजुरी ठरविली. तेथे भोंगा सर्वांना ऐकू येत होता. हा निरोप कोणत्या हजेरीपटावर नोंदवायचा?

ज्या लिस्बनच्या हुकमावर गोवा 1961 पर्यंत चालला, त्या पोर्तुगालने 2021 च्या अखेरीस कायदा करून विश्रांतीच्या वेळेत नोकराशी संपर्क न साधण्याचे बंधन मालकावर घातले. अनिवार्य आपत्तीचा अपवाद वगळता उल्लंघन दंडास पात्र आहे. फ्रान्सने 2017 पासून संपर्क तोडण्याचा हक्क नोकराला दिला, तो कसा बजावायचा हे मात्र मालक व कामगार यांच्या बोलण्यांवर सोपविले. आमच्या मते पोर्तुगालचा मार्ग अधिक प्रामाणिक आहे. साहेबांचा निरोप न उघडण्याचा हक्क बजावणारा कारकून बढतीच्या यादीत कितपत टिकेल, हे सांगणे नलगे.

2018 साली खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत या हक्काचे अशासकीय विधेयक मांडले. ते कायदा होऊ शकले नाही. तथापि दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. राज्य सरकार हा गोव्यातील एक मोठा मालक आहे. कचेरी सुटल्यावर गटावर हुकूम टाकू नये, टाकल्यास उत्तराची मुदत दुसऱ्या दिवशी कचेरी उघडल्यापासून मोजावी, एवढे परिपत्रक त्याने आपल्या खात्यांपुरते काढावे. पूर-वादळाचे प्रसंग, इस्पितळे व पोलीस यांना अर्थातच वगळावे. आणि हे परिपत्रक तरी कचेरीच्या वेळेत निघावे, अशी आमची सूचना आहे.