परसातली आगगाडी आणि पावसाळा नावाचा परीक्षक



शाळेतले विज्ञान प्रदर्शन तुम्ही पाहिलेच असेल. कदाचित त्यात भागही घेतला असेल. पुठ्ठ्याचे धरण, बाटलीतला ज्वालामुखी, बटण दाबले की लागणारे दिवे. परीक्षक येतात, दोन प्रश्न विचारतात, गुण लिहितात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. संध्याकाळी प्रतिकृती कपाटावर चढते. ती पुढच्या महिन्यात चालेल का, हे कोणीच विचारीत नाही.

मला मात्र वाटते की, हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे. एकदा चाललेली वस्तू आणि वर्षभर चालणारी वस्तू यांत फार मोठा फरक आहे, आणि यंत्रशास्त्राचा बराचसा भाग त्या फरकातच सामावलेला आहे. म्हणून तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढे एक सूचना ठेवतो. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत किंवा घराच्या परसात छोटी आगगाडी बांधा. दिवाळीच्या सुट्टीनंतर रूळ घालायला घ्या. त्यावरून एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. मग पुढच्या दिवाळीला तिची परीक्षा घ्या. खरा परीक्षक तोपर्यंत येऊन गेलेला असेल!

अशा आगगाड्या जगात अनेक ठिकाणी लोक हौसेने बांधतात. त्यांत दोन रुळांमधले अंतर बहुधा ४५ मिलिमीटर असते. जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये या मापाची, उघड्यावर चालणारी गाडी बाजारात आणली आणि हा छंद फोफावला. त्या गाडीचे प्रमाण आहे १ : २२.५. मीटर गेजच्या रुळांतले १,००० मिलिमीटर अंतर २२.५ ने भागा, उत्तर ४५ च्या जवळ येते. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. तेथील गाड्या छपराखाली धावतात. आपण जिच्याविषयी बोलत आहोत ती गाडी आभाळाखाली धावायची आहे, आणि सगळी गंमत तेथेच आहे.

गंमत अशी की, गाडी लहान करता येते, पण निसर्ग लहान करता येत नाही. लांबी २२.५ पट कमी केली की आकारमान २२.५ × २२.५ × २२.५, म्हणजे सुमारे ११,४०० पट कमी होते. समजा, खरे इंजिन ४० टनांचे आहे. त्याच धातूचे, त्याच घडणीचे छोटे इंजिन अवघे साडेतीन किलोग्रॅमचे भरेल. पण पावसाचा थेंब तेवढाच राहतो. तीन मिलिमीटरचा थेंब या गाडीच्या दृष्टीने जवळजवळ मोसंबीएवढा! फणसाचे १५ सेंटिमीटरचे पान रुळावर पडले, तर ते खऱ्या रुळावर पडलेल्या सव्वातीन मीटरहून लांब चटईसारखे. म्हणजे आपली हलकी गाडी खऱ्या गाडीपेक्षा कठीण जगात धावते. तिला खेळणे म्हणून हिणवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

परसातल्या गाडीतून मोठी माणसेही शिकली आहेत. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात डफील्ड येथे सर आर्थर हेवूड नावाचे गृहस्थ राहत. माणसे आणि माल वाहून नेण्यासाठी रुळांमधले अंतर कमीत कमी किती ठेवता येईल, असा प्रश्न त्यांना पडला. आधी त्यांनी ९ इंचांचे अंतर ठेवून पाहिले. त्यावर माणसे बसली की गाडी अस्थिर होई. गाडी आकसली होती, पण माणूस तेवढाच राहिला होता ना! मग १८७४ मध्ये त्यांनी आपल्या घराच्या आवारात १५ इंचांची, म्हणजे ३८१ मिलिमीटरची रेल्वे बांधायला घेतली. तिच्यावर मुद्दाम तीव्र चढ आणि आखूड वळणे ठेवली, त्यांवरून चालतील अशी इंजिने आपल्याच कारखान्यात तयार केली आणि अनुभव लिहून प्रसिद्ध केले. पुढे १८९६ मध्ये इटन हॉल या मोठ्या जहागिरीवर त्यांनी याच मापाची, रोजच्या कामाची रेल्वे उभी केली. घरामागची प्रयोगशाळा ती हीच.

आता तुमच्या गाडीला कोणकोणत्या परीक्षा द्याव्या लागतील ते पाहू.

पहिली परीक्षा उन्हाची. समजा, तुम्ही लोखंडी पट्ट्या उभ्या बसवून रूळ केले. लाकडी स्लीपरला खाचा पाडून त्यांत पट्टी ठोकून बसवली की स्वस्तात रूळ होतो. पोलादाचा प्रसरणांक अंशामागे सुमारे ०.००००१२ आहे. पहाटेचा रूळ आणि भर दुपारचा रूळ यांच्या तापमानांत ४० अंशांचा फरक धरला, तर एक मीटरची पट्टी सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते. अर्धाच ना? असे म्हणू नका. दोन्ही टोके घट्ट अडकलेली ती पट्टी मधोमध कोन करून बाजूला सरली असे समजा. अर्ध्या पट्टीची लांबी ५०० ऐवजी ५००.२४ मिलिमीटर झाली. आता पायथागोरसचा सिद्धान्त वापरा. मधला भाग साडेपंधरा मिलिमीटर सरकलेला आढळेल. ४५ मिलिमीटरच्या रुळांत एवढी सरक म्हणजे गाडी घसरलीच! म्हणून दोन तुकड्यांच्या मध्ये फट ठेवावी लागते. पण ती किती? पहाटे रूळ घातले तर वेगळी आणि दुपारी घातले तर वेगळी. ती का, याचा विचार करा. पाठ केलेले सूत्र येथे प्रथमच काहीतरी काम करू लागते.

दुसरी परीक्षा वळणाची. आगगाडीची दोन्ही चाके एकाच आसाला पक्की जोडलेली असतात. दोघांच्या फेऱ्या सारख्याच होतात. पण वळणावर बाहेरचा रूळ लांब आणि आतला आखूड असतो. काटकोनातले वळण घ्या. ४५ मिलिमीटर अंतर असेल, तर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा सुमारे ७१ मिलिमीटरने लांब भरतो. आता त्रिज्या दुप्पट करा आणि हिशेब पुन्हा करा. उत्तर तेच येते! मग मोठ्या त्रिज्येचा फायदा काय? फरक तेवढाच, पण तो दुप्पट लांबीवर वाटला जातो. खऱ्या रेल्वेची चाके किंचित निमुळती असतात. त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक आपल्या जाड भागावर आणि आतले बारीक भागावर चालते आणि फरक बराचसा भरून निघतो. फार आखूड वळणावर ही युक्ती अपुरी पडते. मग चाक घसटते, रूळ झिजतो. लेथवर चाके कातून घेताना ती सपाट घ्यावीत की निमुळती, हे तुम्हीच ठरवा आणि दोन्ही करून पाहा.

तिसरी परीक्षा चढाची. साडेतीन किलोग्रॅमच्या इंजिनासह सबंध गाडी १० किलोग्रॅमची आहे असे समजा. ५० ला १ चढावर केवळ वर चढण्यासाठी सुमारे २०० ग्रॅम-भार ओढ लागते. २० ला १ चढावर ५०० ग्रॅम-भार. इंजिनाची सर्व चाके मोटरने फिरत असतील आणि चाक व रूळ यांच्यातील घर्षणांक ०.२ असेल, तर इंजिन फार तर ७०० ग्रॅम-भार ओढू शकेल. त्याहून जास्त ओढायला गेले की चाके जागीच फिरतील, मग मोटर कितीही जोरदार असो. आता रूळ भिजला, त्यावर पाने चिरडली आणि घर्षणांक ०.१ झाला असे धरा. ओढ उरली ३५० ग्रॅम-भार. ५० ला १ चढ पार होईल. २० ला १ चढावर गाडी उभी राहील. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ पासून जो घाट चढते, त्यात चढ २० ला १ इतके तीव्र आहेत, हे आठवले म्हणजे तिच्याविषयीचा आदर वाढतो. तुमच्या गाडीची ओढ मोजायला प्रयोगशाळेतला तानकाटा पुरतो.

चौथी परीक्षा पाण्याची, आणि सर्वांत कठीण तीच. येथे प्रत्येक गावाची प्रश्नपत्रिका वेगळी असते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ घातलेला रूळ वर्षभरात लाटांसारखा दिसू लागतो. कोकणात जांभा टणक, पण पावसाचा लोंढा खडीच वाहून नेतो. खडी कशासाठी असते? ती भार पसरवते, स्लीपरला सरकू देत नाही आणि पाणी खाली जाऊ देते. ते पाणी पुढे कोठे जाणार, याचा विचार रूळ घालण्याआधी करावा लागतो. मोठ्या रेल्वेचीही यातून सुटका नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत माथेरानच्या मार्गाची मोठी हानी झाली आणि गाड्या पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडले. बशीतले पाणी स्लीपरखाली का थांबू नये, हे ज्याने आपल्या परसात पाहिले, त्याला घाटातल्या मोऱ्या आणि गटारे यांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. या गाडीला १२ व्होल्टची बॅटरीच वापरा, तीही फ्यूज लावून. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेची तार ओल्या परसात कधीही नेऊ नका. बॅटरी भरण्याचे काम घरात, मोठ्यांच्या देखरेखीखाली करा.

तुम्ही म्हणाल, हे सारे खरे, पण वेळ कोठे आहे? दहावीचे वर्ष, शिकवण्या, चाचण्या! पालकही हेच म्हणतील, आणि त्यांची काळजी खोटी नाही. माझे उत्तर असे की, वर केलेले सगळे हिशेब तुमच्या अभ्यासक्रमाच्या आसपासचेच आहेत. प्रसरण, घर्षण, वर्तुळाचा परीघ, काटकोन त्रिकोण. ते वहीत सोडवायला जो वेळ लागतो, त्यातला थोडा परसाकडे वळवा. आठ-दहा जणांचा गट करा. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरेल. नववीच्या गटाने बांधलेला मार्ग पुढच्या वर्षी नव्या नववीने सांभाळावा. दुसऱ्याने घातलेला रूळ दुरुस्त करणे हाही एक धडाच आहे. गटात मुलांनी मोटर जोडायची आणि मुलींनी स्टेशन रंगवायचे, अशी वाटणी मात्र करू नका. कामे पाळीपाळीने सगळ्यांकडे फिरू द्या.

पैशाचे काय? परदेशी संच महाग असतात, हे खरे. पण ते विकत घेतले तर शिकण्याचा बराच भाग दुकानातच राहतो. पट्टी, लाकडाचे तुकडे, कातलेली आठ चाके, एक लहान गिअर-मोटर आणि पाच मीटरचा मार्ग एवढ्यावर सुरुवात होते. शहरात परस नसेल तर शाळेच्या गच्चीचा कोपरा घ्या. तेथे माती नसेल, पण ऊन आणि पाऊस भरपूर मिळतील.

आता दोन शब्द शिक्षकांसाठी. या कामाला गुण द्यायचे असतील, तर कृपया गाडीच्या रंगरूपाला देऊ नका, नोंदवहीला द्या. कोणत्या तारखेला गाडी कोठे घसरली, तेव्हा रूळ ओला होता की तापलेला, कारण काय वाटले, काय बदलले, आणि त्यानंतर गाडी किती दिवस चालली, या नोंदी पाहा. वर्षात एकदाही न घसरलेल्या गाडीची वही कोरी असेल, तर तिच्यापेक्षा वीस वेळा घसरलेल्या गाडीची भरलेली वही मी वरची मानीन. आणि मुले अडली की लगेच उत्तर सांगू नका. एक पाऊस पडू द्या.

मित्रहो, एवढे सगळे एकदम जमणार नसेल, तर सुरुवात एका पट्टीपासून करा. एक मीटरची लोखंडी पट्टी लाकडी फळीवर ठेवा. तिचे एक टोक खिळ्यांनी पक्के करा. दुसऱ्या टोकाखाली एक गोल सुई आडवी ठेवा आणि सुईच्या टोकाला झाडूची हलकी काडी चिकटवा. पहाटे काडीची जागा फळीवर खुणेने नोंदवा. फळी उन्हात राहू द्या आणि दुपारी पुन्हा पाहा. काडी फिरलेली असेल. ती किती फिरली ते मोजा, आणि त्यावरून तुमच्या पहिल्या सांध्यात किती फट ठेवायची ते काढा.