आंत्रावरोध आणि जुलाबाचा मोह

पोट दुखू लागले आणि शौचास झाले नाही, की अनेक घरांत प्रथम एरंडेलाची आठवण होते. साध्या बद्धकोष्ठतेत हा उपाय चालून जाईल. परंतु आतड्याचा मार्गच अडला असेल, तर तो प्राणावर बेतू शकतो. राहून राहून उठणाऱ्या कळा, ओकाऱ्या, पोट फुगणे आणि मल व वायू दोन्ही न सरणे ही आंत्रावरोधाची प्रमुख लक्षणे होत. ती दिसताच जुलाब न देता रोग्यास रुग्णालयात न्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाचक इंद्रियांतून दररोज सुमारे ७ लिटर रस अन्नमार्गात उतरतो व बहुतेक पुन्हा रक्तात शोषला जातो. मार्ग अडला म्हणजे हा द्रव व वायू अडथळ्याच्या वरच्या भागात साचतात आणि शरीरातील पाणी व क्षार घटतात. जुलाबाने आतड्याचे आकुंचन वाढते; वाट मात्र मोकळी होत नाही. आतड्यास पीळ पडल्यास किंवा ते अंतर्गळात आवळले गेल्यास रक्तपुरवठाही तुटतो आणि काही तासांतच तो भाग मरू लागतो. पुढे त्यास छिद्र पडल्यास रोगी वाचविणे कठीण होते.

प्रौढांमध्ये पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात निर्माण झालेले तंतुमय बंध, अंतर्गळ व मोठ्या आतड्याचा कर्करोग ही याची मुख्य कारणे आहेत. आपल्या देशात आतड्याच्या क्षयाचीही त्यांत भर पडते. बंधांमुळे झालेला अवरोध पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून सुटतो. नाकावाटे जठरात नळी घालून साचलेला द्रव शोषून घेण्याची पद्धत अमेरिकन शल्यचिकित्सक ओवेन वांगेनस्टीन यांनी १९३०च्या दशकात रूढ केली. तिला शिरेतून क्षारजल देण्याची जोड असते. परंतु अशी प्रतीक्षा शल्यचिकित्सकाच्या नजरेखालीच करावयाची असते, घरच्या खाटेवर नव्हे.

प्रत्येक पोटदुखीसाठी शहर गाठणे गरिबास परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच लक्षणांची ओळख घरोघरी हवी आणि ग्रामीण आरोग्यकेंद्रातून रोग्यास पुढे पाठविण्याची सोय तत्पर हवी. जांघेतील गाठ लाजेने लपविणाऱ्यांनीही ती वेळीच दाखवावी. सवडीने केलेली अंतर्गळाची शस्त्रक्रिया सहसा सुरक्षित असते. आतडे मेल्यावर करावी लागणारी शस्त्रक्रिया तशी नसते.