उमरीत मेल आधी कुणाचा?

क्वर्टी! २००८-०९ च्या सुमाराला हा शब्द ज्याच्या तोंडी, तो माणूस कॉर्पोरेट. कीबोर्डच्या वरच्या ओळीतली पहिली सहा अक्षरं, क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय, एवढाच त्याचा अर्थ. पण मीटिंगमध्ये असा बटणांनी भरलेला फोन टेबलावर ठेवला, की बाकी काही सांगावं लागायचं नाही. त्यात ब्लॅकबेरी असेल तर सोन्याहून पिवळं. प्रत्येक मेलच्या तळाला 'ब्लॅकबेरीवरून पाठवला' छापाची सही आपोआप यायची. ती काढून टाकायची सोय होती. काढणारा मात्र एकही जण मला भेटला नाही. मीही काढली नव्हती!

परवा ड्रॉवर आवरताना माझा जुना ब्लॅकबेरी बोल्ड आणि दादाचा नोकिया ई७१ शेजारी शेजारी सापडले. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. राहणार उमरी, जिल्हा नांदेड. मुंबईहून रात्री देवगिरीत बसायचं, सकाळी नांदेड गेलं की मुदखेड, मग उमरी. पट्टा कापसाचा आणि दादाचा धंदाही कापसाच्या गाठींचा. २००९ च्या दिवाळीत त्याने मला विचारलं, "मुंबईचा दलाल आता भाव मेलवरच पाठवायलाय. कोणता फोन घेऊ, सांग बरं."

आता गॅजेटवाल्याला असा प्रश्न म्हणजे भुकेल्याला पुरणपोळी. मी थेट तुलनाच मांडली.

दोन्ही फोन २००८ चे. ई७१ जेमतेम १० मिलिमीटर जाड, पाठ स्टीलची, कॅमेरा ३.२ मेगापिक्सेल. बोल्ड जाडजूड, पाठीला चामड्यासारखं कव्हर, कॅमेरा २ मेगापिक्सेल, पण स्क्रीन बघत राहावा असा. टायपिंगला मात्र बोल्डच्या बटणांना तोड नाही. प्रत्येक बटणाला अंगठ्याला कळेल असा उतार. दोनदा स्पेस दाबा, पूर्णविराम आपोआप. पत्त्याच्या रकान्यात स्पेस दाबा, 'ॲट'चं चिन्ह हजर. इनबॉक्समध्ये आर दाबलं की रिप्लाय, एफ दाबलं की फॉरवर्ड. ई७१ ची बटणं इवलीशी, फुगीर, पण दोन दिवसांत सवय होते. शिवाय त्यात क्विकऑफिस. एक्सेलची फाईल उघडून तिथल्या तिथे आकडा बदलता यायचा. आणि एक गंमत म्हणजे त्याला दोन होमस्क्रीन होते, एक ऑफिसचा, एक घरचा. सुट्टीच्या दिवशी ऑफिसचा मेल समोर नको असेल तर स्क्रीनच बदलायचा. आहे की नाही सही फंडा!

३जी दोघांतही होतं. पण खासगी कंपन्यांसाठी ३जीचा लिलावच २०१० मध्ये झाला. त्यामुळे २००९ मध्ये उमरीत बसून ३जीचं कौतुक करणं म्हणजे लग्नाआधी बारशाचं आमंत्रण देणं.

मी दादाला ई७१ घ्यायला लावला. कारण साधं होतं. ब्लॅकबेरीच्या मेलसाठी दरमहा वेगळा प्लॅन लागायचा. नोकियाला साधं जीपीआरएस चालायचं. सेटिंगही मीच करून दिलं. बिल वाढू नये, बॅटरी टिकावी, म्हणून मेल दर तासाला तपासायचा, असं लावलं. शहाणपणा!

खरा फरक बटणांत नव्हताच. मेल आणायला कोण जातं, यात होता. ई७१ हा स्वतः पोस्टात जाऊन 'माझं पत्र आलंय का' विचारणारा माणूस. ब्लॅकबेरीत पोस्टमन दारात यायचा. तुमचा मेल आधी कॅनडातल्या रिम कंपनीच्या यंत्रणेकडे जायचा, तिथे दाबून लहान केला जायचा आणि आधी फक्त पहिला तुकडा फोनवर ढकलला जायचा. बाकीचा तुम्ही मागाल तेव्हा. त्यामुळे टॉवरची एखादी काडी असली तरी लाल दिवा लुकलुकायचा. माझा बोल्ड दादाच्या ओट्यावर लुकलुकायचा. माझ्या बॉसचे मेल तिथेही चुकायचे नाहीत, हे दुःख वेगळं.

दिवाळीनंतर महिन्याभरात दादाचा फोन आला. दलालाने अकराच्या सुमाराला भाव पाठवला होता, अर्ध्या तासात होकार द्या म्हणून. दादाच्या फोनने मेल आणला बारा वाजता. गाठी दुसऱ्याच्या गेल्या. दादा चिडला नाही. एवढंच म्हणाला, "फोन चांगलाय रे. मी दर दहा मिनिटाला बटन दाबून बघायलोय आता." मला जास्त लागलं ते हेच. त्याच रात्री फोनवरून सांगून सेटिंग बदललं, पण तो सौदा काही परत आला नाही.

मग ब्लॅकबेरीच घ्यायला हवा होता का? त्या एका सकाळीपुरता, हो. पण ज्याच्या पोस्टमनवर आपला भार, त्याचं काही बिनसलं की आपलंही बिनसतं. २०१० मध्ये सरकारने रिमला बजावलं, मेल-मेसेज तपासायची सोय द्या, नाहीतर सेवा बंद. ३१ ऑगस्टची मुदत होती. ती पुढे ढकलली गेली आणि २०१२ मध्ये मुंबईत सर्व्हर आला. त्याआधी ऑक्टोबर २०११ मध्ये रिमची इंग्लंडमधली यंत्रणा कोलमडली आणि भारतासकट कितीतरी देशांतले ब्लॅकबेरी मेलविना बसले. शेवटी ४ जानेवारी २०२२ ला जुन्या ब्लॅकबेरी सिस्टीमच्या सेवाच कंपनीने बंद केल्या. ई७१ ला असा मृत्युदिन नाही. पण त्याच वर्षी ३० मेपासून गुगलने नुसत्या पासवर्डवर चालणाऱ्या जुन्या ॲप्सना जीमेलचं दार बंद केलं, म्हणजे तोही पोस्टाच्या बाहेरच उभा.

परवा दोन्ही फोनचा फोटो दादाला पाठवला. व्हॉट्सॲपवर, अर्थातच. भाव, नमुन्याचे फोटो, होकार-नकार सगळं आता तो तिथेच करतो, आणि टाईप करत नाही, बोलतो. लगेच त्याचा व्हॉइस मेसेज आला, मागे ट्रकचा हॉर्न.

"ते बटनाचे फोन परत यायलेत म्हणं?"

यायलेत खरे. २०२४ मध्ये आयफोनला खालून जोडायचा क्लिक्स नावाचा कीबोर्ड आला, युनिहर्ट्झ कंपनी तर बटणांचे अख्खे फोन बनवते. मी त्याला हे सगळं सविस्तर सांगितलं, बटणांच्या उतारापासून. जुनी खोड!

त्याने सगळं ऐकून घेतलं. "बटनावर मराठी अक्षरं हायत का?"

"नाहीत रे. इंग्रजीच."

"मग राहू दे," म्हणाला. "तवाबी नव्हती."