डॉक्टरांचाही अभ्यासवर्ग हवा

तुळिंजच्या चाळीत कोणाला ताप आला, की तो आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जातो. पदवी कोणती हे सहसा कोणी विचारत नाही. गुण येतो ना, एवढेच पाहतो. पदवी घेतल्यानंतर या डॉक्टरांचे शिक्षण कसे चालू राहते, हा प्रश्न म्हणून आपल्याही जिव्हाळ्याचा आहे.

धारावीतील शंभर खासगी डॉक्टर क्षयरोगावर काय लिहून देतात, याची पाहणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधयोजना निघाल्या ८० प्रकारच्या! डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मुंबईतील १०६ डॉक्टरांची पाहणी मांडली. त्यात ६३ प्रकार होते आणि बरोबर चिठ्ठी लिहिणारे फक्त सहा. चुकीच्या व अर्धवट उपचारांतूनच औषधांना दाद न देणारा क्षय फोफावतो.

व्याख्याने होत नाहीत असे नाही. नोंदणी टिकवण्यासाठी ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावेच लागतात. पण सभागृहात ऐकलेले दवाखान्यातल्या गर्दीत कितीसे उतरते? लंडनमध्ये मायकेल बॅलिंट यांनी १९५०च्या दशकात कुटुंब-डॉक्टरांना एकत्र बसवून स्वतःच्याच रुग्णांविषयी बोलते केले. तो मार्ग आपल्यालाही जमण्यासारखा आहे.

आठ-दहा डॉक्टर व परिचारिकांनी महिन्यातून एकदा, दुपारी दवाखाने बंद असताना जमावे. विषय एकच घ्यावा. पावसाळ्यात तापाचा घ्या: साचलेल्या पाण्यातून चाललात का, हे आपण रुग्णाला विचारले का? लेप्टोचा संशय वेळेत आला का? अँटिबायोटिक खरोखर गरजेचे होते का? रुग्णाचे नाव झाकून प्रत्येकाने आपल्या पाच चिठ्ठ्या समोर ठेवाव्यात. गोळ्या मध्येच कोणी व का सोडल्या, हे परिचारिकेला अनेकदा डॉक्टरांआधी कळते. म्हणून तिची खुर्ची मागच्या रांगेत नको. खर्च चहापुरता ठेवावा आणि तो औषध कंपनीकडून घेऊ नये.

शेजारच्या डॉक्टरपुढे आपली चूक कशी दाखवावी, हा संकोच खरा आहे. पण झाकलेली चूक पुढच्या रुग्णाला भोवते. आपणही एक करू शकतो. डॉक्टर ‘जरा विचारून सांगतो’ म्हणाले, तर त्यांना कच्चे समजू नये. विचारणारा डॉक्टर हाच भरवशाचा डॉक्टर.